आभाराच्या एका ओळीआधी: दुर्मिळ आजारांच्या संशोधनात रुग्ण-पालकांच्या कामाची नोंद कशी करावी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पालकांसाठी एक प्रश्नावली तयार केली होती. त्यात एक प्रश्न होता: 'मुलाला खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का?' इथल्याच, बडोद्यातल्या एका आईनं तो वाचला. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा आनुवंशिक आजार आहे. ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे जेवायला पाट असतो. उठताना हा आधी दोन्ही हात जमिनीवर टेकतो, मग एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. दिवाळीपर्यंत एकटा उठायचा. आता मी काखेत हात घालते. हे ह्यात कुठं लिहू?"

लिहायला जागाच नव्हती. जमिनीवरून उठायला किती सेकंद लागतात हे दवाखान्यात मोजतात, पण घरी रोज दोन वेळा काय होतं ते माझ्या कागदावर येत नव्हतं. मी प्रश्न बदलला. खुर्ची काढली, पाट आणला आणि उठण्याचे टप्पे पाडले. त्या एका बदलामुळे पुढची सगळी उत्तरं अर्थपूर्ण झाली. मग त्या कामाचं परिषदेसाठी पोस्टर झालं. त्याच्या तळाशी मी लिहिलं, 'सर्व रुग्ण व कुटुंबीयांचे आभार.' त्या आईनं पोस्टरचा फोटो मागून घेतला, नीट पाहिला आणि विचारलं, "ह्यात मी कुठं आहे?" तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणूनच तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

(हा प्रसंग तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिला आहे. असं का केलं, ते चौथ्या पायरीत येईल.)

तुम्ही पीएचडी करत असाल, एमडीचा थीसिस लिहीत असाल किंवा नुकतेच पोस्टडॉकला लागला असाल आणि तुमचा विषय दुर्मिळ आजार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझी उदाहरणं ड्युशेनची आहेत. पायऱ्या मात्र कुठल्याही दुर्मिळ आजाराला लागू पडतील.

१. नमुना कोण देतंय आणि विचार कोण देतंय, ते आधी वेगळं करा

मराठीत आपण दोन्हीला 'सहभाग'च म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रक्त देणं, चाचणीला येणं, फॉर्म भरणं हा एक सहभाग. प्रश्नावली वाचून 'हा प्रश्न चुकलाय' असं सांगणं, भेटीची वेळ ठरवणं, निकालाचा अर्थ लावायला मदत करणं हा दुसरा. पहिल्यासाठी कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र असतं. दुसऱ्यासाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काहीच नसतं, आणि ते काम आभाराच्या ओळीत विरघळून जातं. ब्रिटनमध्ये इन्व्हॉल्व्ह या संस्थेनं ही रेघ स्पष्ट आखली होती: लोकांवर किंवा लोकांसाठी केलेलं नव्हे, तर लोकांबरोबर किंवा लोकांनीच केलेलं संशोधन. मी माझ्या वहीत साध्या शब्दांत 'देणारे' आणि 'ठरवणारे' असे दोन रकाने केले.

एकच बाई दोन्ही रकान्यांत असू शकते. दुर्मिळ आजारात तसंच होतं, कारण कुटुंबं मोजकी. प्रत्येक नवा विद्यार्थी त्याच दहा-बारा घरांचे दरवाजे वाजवतो. अशा वेळी दोन भूमिकांसाठी दोन वेगळे कागद करा, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी.

हे लिहून न ठेवल्यानं काय होतं, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅनाव्हन या लहान मुलांच्या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांनी जनुक शोधण्यासाठी ऊती दिल्या, पैसे दिले, इतर कुटुंबं शोधून दिली. जनुक सापडलं, रुग्णालयाच्या संशोधन संस्थेनं पेटंट घेतलं आणि चाचणीवर शुल्क लागलं. कुटुंबं २००० मध्ये कोर्टात गेली. त्याच्या उलट उदाहरण पीएक्सई या, त्वचा आणि डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. शॅरन टेरी आणि त्यांचे पती या आईवडिलांनी १९९५ मध्ये संस्था काढली आणि नमुन्यांच्या वापराच्या अटी आधीच ठरवल्या. २००० मध्ये जनुक सापडलं तेव्हा शॅरन टेरी शोधनिबंधाच्या लेखकांत होत्या आणि पुढे पेटंटमध्येही त्यांचं नाव आलं. दोन्ही ठिकाणी कुटुंबांनी जीव तोडून काम केलं होतं. एका ठिकाणी अटी आधी ठरल्या होत्या, दुसऱ्या ठिकाणी नव्हत्या.

२. कागदपत्रं

पहिल्या बैठकीआधी एवढं जवळ असू द्या:

- एका पानाचं कामाचं वर्णन: काय करायचं, किती वेळा भेटायचं, किती वेळ लागेल, कधी संपेल
- ओळख-पसंतीचा फॉर्म (चौथी पायरी)
- प्रवासखर्चाचं व्हाउचर आणि अकाउंट्सला चालणारा स्वघोषणेचा नमुना
- योगदानाची नोंदवही, पानांना क्रमांक घातलेली
- हे सगळं कुटुंबाच्या भाषेत

भाषेचा मुद्दा बडोद्यात जरा अवघड आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली आई घरी मराठी बोलते, पण तिची शाळा गुजरातीतून झालेली असते. मग फॉर्म मराठीत दिला की ती अडखळते, आणि 'वाचता येतं ना?' असं विचारलं की संकोचानं हो म्हणते. दोन्ही लिप्यांतले कागद समोर ठेवा आणि तिला उचलू द्या. दाहोद किंवा छोटा उदेपूरकडून आलेल्या कुटुंबांना यातली एकही भाषा घरची नसू शकते. तिथं मोठ्यानं वाचून दाखवण्याला पर्याय नाही.

एथिक्स कमिटीकडे जाताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं उघडून बसा. आराखड्यावर सल्ला घेणं म्हणजे डेटा गोळा करणं नव्हे, हे तुमच्या अर्जात स्पष्ट लिहा. इथं एक सापळा आहे. सल्ल्याच्या बैठकीत आईनं सांगितलेलं वाक्य तुम्हाला नंतर निबंधात उद्धृत करायचं असेल, तर ते डेटा होतं आणि त्याला वेगळी संमती लागते. माझ्या बाबतीत हे उशिरा लक्षात आलं. चांगली चार वाक्यं गाळावी लागली.

३. पैशाची बाजू सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) वेळीच उघडा

हा विषय काढायला आपल्याला लाज वाटते. गाइडला वाटते, विद्यार्थ्यालाही वाटते. पण व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन दाहोदहून येणाऱ्या माणसाचा हिशोब करून बघा. गाडीचं तिकीट, स्टेशनवरून रिक्षा, मुलाला उचलायला सोबत आणखी एक माणूस, आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या बापाची अर्धी हजेरी. तुमच्या 'छोट्याशा बैठकी'साठी त्या घरानं एवढं मोजलेलं असतं.

प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'रुग्ण-सल्लागार बैठक: प्रवास व मानधन' अशी स्वतंत्र ओळ घाला. कंटिंजन्सीतून (किरकोळ खर्चाच्या रकमेतून) नंतर काढू म्हटलं की अकाउंट्सवाले विचारतात, 'हे कोणत्या हेडखाली?' आणि फाइल तिथंच राहते. रिक्षाची पावती कोणाकडेच नसते, म्हणून स्वघोषणा चालेल का ते आधी लेखी विचारून ठेवा. मानधन बँकेतूनच द्यायचं असेल तर पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक लागतो. तो बैठकीच्या दिवशी मागू नका, आधी सांगा. खिशातून देऊच नका असं मी म्हणणार नाही. मी दिले आहेत. पण व्हाउचरवर आलं नाही तर पुढच्या विद्यार्थ्याला 'पूर्वी कधी लागले नाहीत' हेच उत्तर मिळतं.

तीन गोष्टी सांभाळा. एक, मानधन आणि नमुन्याची संमती यांची कधीही सांगड घालू नका. रक्त देण्याच्या दिवशी हातात पाकीट दिलं तर ते आमिष ठरतं, आणि कमिटीनं हरकत घेतली तर ती योग्यच असते. रक्कम आणि पद्धत कमिटीला आधी दाखवा. दोन, पेढ्यांचा डबा प्रवासखर्चाच्या जागी चालत नाही. द्यायचा तर वर द्या. तीन, काहीजण पैसे नाकारतात. आग्रह करू नका, 'मग काय उपयोगी पडेल?' असं विचारा. एका वडिलांना कारखान्यात दाखवायला हजेरीचं पत्र हवं होतं. एका आईला विभागाच्या लेटरहेडवर, तारीख आणि कामाच्या तपशिलासकट प्रमाणपत्र हवं होतं. ते तिनं फ्रेम करून भिंतीवर लावलं. तुमच्या लेखी ते एक पान असेल, पण त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का असू द्या.

आणि हे पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगा: संशोधनात मदत केली म्हणून उपचार लवकर मिळणार नाहीत, आणि नाही म्हटलं म्हणून थांबणारही नाहीत. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये ड्युशेन तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार आहेत पण फार महाग, अशा आजारांत आहे. २०२२ पासून मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ह्या बातम्या पालकांना पाठ असतात. तुमच्या हातात फाइल बघून त्यांच्या मनात आशा जागी होते. ती खोटी ठरू देऊ नका.

४. नाव: एकदा नाही, तीनदा विचारा

ही पायरी सगळ्यात नाजूक आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

कामाचं श्रेय म्हणजे नाव छापणं, अशी आपली समजूत असते. दुर्मिळ आजारात छापलेलं नाव म्हणजे जाहीर झालेलं निदान. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ज्यांच्या मुलाला हा आजार आहे अशा सुमारे दोन-तृतीयांश आया वाहक असतात, म्हणजे सदोष जनुक त्यांच्यातही असतं. बाकीच्यांत बदल मुलात नव्यानं झालेला असतो. म्हणजे 'ड्युशेनग्रस्त मुलाची आई' म्हणून नाव छापलं की वाचणारा तिच्याबद्दल, तिच्या बहिणीबद्दल, तिच्या मुलीबद्दल अंदाज बांधू लागतो.

एका आईनं पूर्ण नाव छापायला आनंदानं होकार दिला होता. दीड वर्षानं एका संध्याकाळी तिचा फोन आला. मोठ्या मुलीचं स्थळ चाललं होतं. "अगं, ते नाव काढता येईल का? जमत नसेल तर राहू दे." निबंध प्रूफच्या टप्प्यावर होता म्हणून काढता आलं. एकदा प्रकाशित झाल्यावर ते निघत नाही.

म्हणून फॉर्मवर चार पर्याय ठेवा: पूर्ण नाव, फक्त पहिलं नाव, गटाचं नाव, नाव नको. आणि तीनदा विचारा: सुरुवातीला, मसुदा झाल्यावर, प्रूफ आल्यावर. प्रत्येक वेळी सही आणि तारीख घ्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, आभारात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यायला सांगतेच. गटाचं नाव घेतलं तरी 'बडोद्यातील पाच माता' असं लिहिलंत तर इथला माणूस पाच मिनिटांत ओळखेल.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. परस्पर ठरवून सगळ्यांना निनावी करू नका. एका वडिलांनी मला बजावलं, "आडनावासकट लिहा. मी लपवलेलं नाही." त्यांच्यासाठी निनावी राहणं म्हणजे पुसलं जाणं होतं.

मुलांनाही विचारा. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार संशोधनातल्या सहभागासाठी ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी अनुमती घ्यायची असते. नावासाठीही मी तोच नियम पाळते. एका चौदा वर्षांच्या मुलानं आईच्या सहीनंतर नकारार्थी मान हलवली आणि म्हणाला, "वर्गात कोणीतरी गूगल करेल." विषय तिथंच संपला.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा सापळा मोठा आहे. न विचारता ग्रुपमध्ये घातलं की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि ग्रुपच्या नावात आजाराचं नाव असेल तर शेजारी बसलेल्या माणसालाही कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. फोटोंच्या बाबतीत हे विसरू नका.

५. नोंदवही त्याच दिवशी लिहा

तारीख, कोण, काय सुचवलं, त्यामुळे काय बदललं. एवढे चार रकाने पुरतात. चौथा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण का बदललं नाही ते लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'आई २. "किती मीटर चालतो" हे कोणाला सांगता येत नाही. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मध्ये किती वेळा थांबतो, ते विचारा. प्रश्न ११ बदलला.' सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आपली आपण करूच. घरच्या माणसाला मात्र फाटक आणि वर्ग माहीत असतात.

सहा महिन्यांनी आठवून लिहू म्हटलं तर सगळ्या चांगल्या कल्पना आपल्याच होत्या असं वाटायला लागतं. हे कपटानं होत नाही, आठवणच तशी काम करते.

बैठकीच्या सोयीबद्दल दोनच गोष्टी. जागा तळमजल्यावर आणि रॅम्प असलेली हवी. तो रॅम्प आदल्या दिवशी स्वतः व्हीलचेअर ढकलून तपासा. स्वच्छतागृहाचं दारही मोजा. आणि नवरात्राच्या नऊ रात्री व परीक्षांचा मार्च टाळा.

६. लेखक की आभार?

आयसीएमजेईचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कल्पना, आराखडा, माहिती किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्याची चिकित्सा; अंतिम मंजुरी; आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. बरेच गाइड इथं थांबतात आणि म्हणतात, 'त्या आईनं कुठं मसुदा लिहिला?' पण पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला मसुद्यात भाग घेण्याची, त्याची चिकित्सा करण्याची आणि अंतिम मंजुरीची संधी दिली पाहिजे, हेही तिथंच लिहिलेलं आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मसुदा न दाखवणं म्हणजे आपणच दार बंद करणं. आम्ही निबंधाचा गुजरातीत सारांश केला, बसून मोठ्यानं वाचला, आणि चर्चेच्या भागातली दोन विधानं पालकांच्या आक्षेपामुळे बदलली. ही चिकित्साच आहे.

उलट टोकही टाळा. शोभेसाठी घातलेलं नाव त्या व्यक्तीवर न पेलणारी जबाबदारी टाकतं. तीस मिनिटांच्या एका सल्ल्याला आभारात नेमकी ओळ पुरते: 'जमिनीवरून उठण्याविषयीचे प्रश्न पालक-सल्लागारांनी सुचवले.' 'सर्वांचे आभार' यापेक्षा ही ओळ कितीतरी मोलाची.

लेखक म्हणून नाव जात असेल तर सबमिशनच्या फॉर्ममध्ये संस्था विचारतात. 'पालक-प्रतिनिधी, वडोदरा' असं लिहिता येतं का, ते संपादकांना आधी ईमेलनं विचारा. ऑर्किड हा संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक कोणालाही मोफत मिळतो, त्याला संस्था लागत नाही. मानधन दिलं असेल तर हितसंबंधांच्या जाहीरनाम्यात ते नमूद करा. कोणी काय केलं हे दाखवायला क्रेडिट ही १४ भूमिकांची यादी वापरा, रुग्ण-लेखकांसाठीही.

गाइडशी हे बोलणं मसुदा तयार झाल्यावर काढू नका. लेखकांचा क्रम ठरायच्या आत, नोंदवही घेऊन बसा. वहीतली पानं दाखवली की वाद बराच सोपा होतो.

७. थीसिस आणि निबंधात कुठं लिहायचं

बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं २०१४ पासून रुग्ण-भागीदारीचं धोरण स्वीकारलं आणि पद्धतींच्या भागात त्यावर स्वतंत्र परिच्छेद मागायला सुरुवात केली. सहभाग नसेल तर 'नव्हता' असं लिहायचं. तुमचं नियतकालिक मागत नसलं तरी लिहा. लिहायचं कसं, यासाठी २०१७ ची ग्रिप-२ ही तपासणी यादी आहे. तिचं छोटं रूप पाच मुद्द्यांचं: उद्देश, पद्धत, परिणाम, चर्चा आणि काय जमलं नाही याचं प्रामाणिक परीक्षण. नवख्या संशोधकाला छोटं रूप पुरतं.

थीसिसवर एकट्याचं नाव असतं, त्यामुळे तिथं जागा पद्धतींच्या प्रकरणात काढा. ऋणनिर्देशाच्या पानावर आजी-आजोबांच्या आणि मित्रांच्या रांगेत हे काम गेलं की परीक्षक ते वाचत नाहीत.

८. परत जा

निबंध आला की लिंक पाठवून मोकळं होऊ नका. एका पानाचा मराठी आणि गुजराती सारांश, छापील, घरी नेऊन द्या. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जगभर दुर्मिळ आजार दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास पालक भेटतातच, तेव्हा वाचूनही दाखवता येतो.

जाण्याआधी फोन करा आणि आधी मुलाची चौकशी करा. ह्या आजारात वर्षभरात खूप काही बदलतं. मूल चालेनासं झालेलं असतं, कधी ते राहिलेलंच नसतं. आमच्या गटात एका घरी असं झालं. मी महिनाभर गेले नाही, मग गेले आणि सारांशाचं पाकीट पिशवीतच ठेवलं. निघताना आईनंच विचारलं, "ते छापून आलं का?" तिनं कागद घेतला, तिनं सुचवलेल्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि तिथं त्याचं पहिलं नाव घालायला सांगितलं. पुढच्या निबंधात ते आहे, तिच्या सहीनिशी.

तुमची फेलोशिप संपेल, तुम्ही दुसऱ्या गावी जाल. नोंदवहीची एक प्रत गाइडच्या कपाटात ठेवा, नावं आणि पसंतीचे फॉर्म वेगळ्या बंद पाकिटात ठेवा, आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या नोंदींच्या पानांची झेरॉक्स द्या. शेवटच्या भेटीत तुमच्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याला सोबत न्या आणि त्याची ओळख करून द्या. हे व्हायवाच्या (थीसिसच्या तोंडी परीक्षेच्या) आधी करा. नंतर वेळ मिळत नाही.